बगळ्यांच्या गावी, दुसऱ्यांदा

इचुका गावाजवळचा पूल आला की भावजी गाडीचा वेग कमी करतात. खाली मरे नदी आहे. अंधारात ती दिसत नाही, पण काच खाली केल्यावर ओल्या मातीचा आणि निलगिरीचा मिसळलेला वास आत येतो. शाळेत भूगोलाच्या तासाला ‘मरे-डार्लिंगचं खोरं’ म्हणून जे घोकलं होतं, ते आत्ता चाकांखालून सरकतंय, हे तुमच्या लक्षात येतं. पूल नवा आहे, २०२२ साली खुला झालेला. त्याचं नाव धुंगाला. यॉर्टा यॉर्टा लोकांच्या भाषेत नदीचं नाव तेच. मरे हे नाव नंतर आलेल्यांनी दिलं.

गाडीत तुम्ही चौघं आहात. पुढे ताई आणि भावजी, मागे तुम्ही आणि ताईच्या शेजारच्या बाई. बाईंनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून तुम्हीही मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणता. शुक्रवारी संध्याकाळी मेलबर्नहून निघायचं, अडीचशे किलोमीटरवरच्या मथौरा गावात दोन रात्री राहायचं, रविवारी परतायचं, असा बेत. ताईने डब्यात थालीपीठं घेतली आहेत. बाईंच्या मांडीवर एक जुनी दुर्बीण आहे आणि तिच्या पट्ट्याला दोऱ्याने बांधलेली एक वही.

शनिवारी पहाटे पावणेपाचला दारावर टकटक होते. नोव्हेंबर आहे, म्हणजे इथला वसंत संपत आलेला. अंगात स्वेटर लागतो, पण दुपारी तो कमरेला बांधावा लागणार. गावापासून थोड्याच अंतरावर ‘रीड बेड्स’ नावाची पाणथळ जागा आहे. पार्किंगपासून पायवाट जाते आणि शेवटी लाकडी आडोसा. आत बाक, समोर आडवी फट, फटीपलीकडे लव्हाळ्यांचं रान. आत शिरताना बाई ओठांवर बोट ठेवतात.

पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही. फक्त ऐकू येतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा एक खोल हुंकार लव्हाळ्यातून येतो, थांबतो, पुन्हा येतो. बाई तुमचा दंड घट्ट धरतात. हा ऑस्ट्रेलियन बिटर्न, बगळ्यांच्याच कुळातला, आता अत्यंत दुर्मीळ. तो दिसेल याची आशा ठेवू नका, असं त्या कुजबुजत सांगतात. ऐकू आला हेच खूप.

मग उजाडतं, आणि तुम्हाला गंमत वाटते ती ही की यातल्या बऱ्याच जणांची तुमची आधीच ओळख आहे. तो काळा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला, तो वारकरीच. उजनीच्या पाण्यावर दिसतो तो आणि हा एकाच जातीचा. लांब गुलाबी पायांवर चालणारा शेकाट्याचा भाऊबंद. पाणकावळे पंख वाळवत बसलेत. चमचा आहे, फक्त त्याची चोच काळी कुळकुळीत. मागच्या झाडावरून कुकाबुरा खदखदतो आणि बाई सांगतात की हा तुमच्या खंड्याच्या घराण्यातला सगळ्यात आडदांड पक्षी. अनोळखी म्हणावेत असे थोडेच. एकदा डोक्यावरून हिरवे पोपट बाणासारखे जातात. नराचा चेहरा पिवळा आणि गळ्याखाली लाल पट्टा. हे सुपर्ब पॅरट. या जंगलातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत ते घरटं करतात.

आणि मग लव्हाळ्याच्या कडेने, पाऊल उचलून हवेत क्षणभर धरत, एक मोठा बगळा येतो.

तुम्ही दुर्बीण खाली घेता. बगळाच तर आहे. भाताच्या खाचरात, गावतळ्यावर, म्हशीच्या मागे, रोज दिसणारा. एवढा समुद्र ओलांडून येऊन बगळा काय पाहायचा? तुम्ही तोंडाने काही बोलत नाही, पण बाई आयुष्यभर वर्गात वावरलेल्या आहेत. खाली गेलेली दुर्बीण त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

“त्याच्या पाठीकडे बघा,” त्या म्हणतात.

तुम्ही बघता. पाठीवरून शेपटीच्याही पलीकडे गेलेली लांब पिसं, धाग्यासारखी सुटी. वाऱ्याची झुळूक आली की ती धुरासारखी हलतात. एरवी पिवळी असते ती चोच आता काळी झाली आहे आणि डोळ्यापुढची कातडी हिरवट. ही सगळी विणीच्या दिवसांची सजावट. घरटं बांधायच्या सुमारास ती पिसं येतात आणि हंगाम सरला की गळून जातात.

“ही पिसं पाहायला तुम्हाला १९०६ मध्ये जायला हवं,” बाई म्हणतात. “जाताना एकेक गोष्ट काढून टाकत जा.”

काढायला सुरुवात करा. आधी हा आडोसा काढा. मग रस्त्यावरचा राष्ट्रीय उद्यानाचा फलक. हे उद्यान २०१० साली झालं. मग पाण्यातले कार्प मासे काढा. बाहेरून आणलेले हे मासे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या नदीत बेसुमार वाढले आणि तळ ढवळून पाणी गढूळ करत राहिले. ते काढल्याबरोबर पाणी निवळतं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट काढायची आहे: नदीच्या वरच्या अंगाचं ह्यूम धरण, १९३६ साली पूर्ण झालेलं. हे धरण नसताना नदीची चाल अगदी वेगळी होती. हिवाळ्यात डोंगरांत पाऊस पडायचा, वसंतात बर्फ वितळायचं आणि फुगलेली मरे इथे येऊन अडायची. अडायचं कारण जमिनीच्या पोटात आहे. हजारो वर्षांपूर्वी इथली जमीन एका भेगेवर वर उचलली गेली, तिला आज कॅडेल फॉल्ट म्हणतात. नदीची जुनी वाट त्या बांधाने बंद झाली, तिला वळसा घ्यावा लागला आणि वळणावर तिचं पात्र इतकं अरुंद राहिलं की पुराचं पाणी दोन्ही काठांवरून जंगलात पसरू लागलं. महिनोन्‌महिने झाडं पाण्यात उभी. रेड गम ही निलगिरीची जात अशा पाण्यात उभं राहायला शिकली आणि जगातलं तिचं सगळ्यात मोठं जंगल इथे झालं. माशांची पिल्लं, बेडूक, किडे यांची रेलचेल. म्हणून पाणपक्ष्यांची वीण. धरण आल्यावर वसंतातलं पाणी अडवून उन्हाळ्यात शेतीसाठी सोडू लागले. जंगलाला पाणी हवं तेव्हा ते कमी पडायचं आणि नको तेव्हा नदी तुडुंब. आज सरकारी यंत्रणा जंगलासाठी वेगळं पाणी राखून सोडतात, ते या उलट्या झालेल्या चक्राची थोडी तरी भरपाई व्हावी म्हणून.

धरण काढलंत? मग तुमच्या गुडघ्यांना गार पाणी लागेल.

पण एकदम जंगलात उतरू नका. १९०६ सालच्या माणसाला इथे आगगाडीने यावं लागतं, तुम्हीही तसंच या. मेलबर्नचं स्पेन्सर स्ट्रीट स्टेशन. फलाटावर कोळशाचा धूर. तुमच्या पुढे एक बाई उभी आहे आणि तिच्या टोपीचा घेर तिच्या खांद्यांएवढा रुंद आहे. टोपीवर पांढऱ्या धाग्यांचा एक झुबका. ती मान वळवते तेव्हा तो झुबका धुरासारखा हलतो. आत्ताच तुम्ही हे कुठेतरी पाहिलंय. फलाटभर नजर टाका. हा झुबका किती टोप्यांवर आहे ते मोजा, पुढे उपयोगी पडेल.

गाडी बेंडिगोवरून जाते. सोन्याच्या खाणींचं गाव, आणि डब्यातले लोक अजून सोन्याच्याच गोष्टी करतात. त्याच सुमाराला अमेरिकेत शिकाऱ्याला बगळ्यांच्या पिसांचे औंसाला ३२ डॉलर मिळत होते. सोन्याचा भाव औंसाला २० डॉलरच्या थोडा वर होता. अठ्ठावीस ग्रॅम धागे, सोन्याहून महाग. आणि हे धागे गळून पडलेले गोळा करून चालत नाहीत; ते मळतात, तुटतात. ताजी, अंगावरचीच पिसं लागतात. ती अंगावर असतात फक्त विणीच्या दिवसांत. त्या दिवसांत पक्षी कुठे सापडेल हे शिकाऱ्याला शोधावं लागत नाही, कारण पिल्लं घरट्यात असताना बगळा झाड सोडून जात नाही. बंदुकीचा आवाज झाला तर उडतो, घिरटी घालतो आणि पुन्हा पिल्लांकडेच येतो. त्याची माया हीच शिकाऱ्याची सोय.

इचुकाचा पूल लागतो, जुना, लोखंडी. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत इथे नदीच्या दोन काठांवर दोन वेगळ्या वसाहती होत्या आणि मधे जकात. १९०१ साली सगळ्या वसाहतींचं मिळून एक राष्ट्र झालं आणि ती जकात गेली. त्याच वर्षी देशभरच्या पक्षीअभ्यासकांनीही एक संघ स्थापन केला आणि ‘द एमू’ नावाचं नियतकालिक काढलं. संघाच्या संस्थापक सभासदांत एक होते आर्थर मॅटिंग्ली. नोकरी कस्टम्स खात्यात, वय पस्तिशीच्या आसपास. सुटी मिळाली की कॅमेरा घेऊन रानात. तुम्ही आता त्यांच्या मागोमाग आहात.

मथौरा स्टेशनवर उतरा. पूर्वेकडे चालत सुटा. जंगल लागतं ते सावलीसारखं, आणि मग पाणी.

आधी वास येतो. मासळी, शेवाळ आणि विष्ठा यांचा असा वास की नाकाला रुमाल लावावा. मग आवाज. शेकडो गळ्यांतून एकाच वेळी निघणारी खरखर, किटकिट, पिल्लांची न थांबणारी मागणी. मारुती चितमपल्लींचे वाचक ज्याला सारंगागार म्हणून ओळखतात, ते हे. पाण्यातून वर गेलेले रेड गमचे पांढुरके बुंधे आणि उंच फांद्यांवर काटक्यांची घरटी. पाणकावळे, रातबगळे, मोठे बगळे, मध्यम बगळे, ज्याची त्याची आळी वेगळी. मॅटिंग्ली पाण्यातून वाट काढतात, झाडावर चढतात. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, आत काचेची प्लेट. एक प्लेट म्हणजे एकच चित्र. चुकलं तर चुकलं. डास इतके की हात हलता ठेवावा लागतो, आणि छायाचित्र काढायचं तर हात स्थिर हवा. आजच्या नियमाने पाहिलं तर घरट्यांच्या इतकं जवळ चढून जाणं चूकच. बाईंनाही ते पटत नाही. पण त्या काळी लांबून टिपणाऱ्या भिंगांचा पल्ला तोकडा होता, आणि पक्षी जाणून घ्यायचा म्हणजे गोळी घालून त्याची कातडी पेटीत ठेवायची, हीच अभ्यासाची मान्य रीत होती. कॅमेरा घेऊन जिवंत पक्ष्याकडे जाणारी माणसं तेव्हा नवी होती.

त्यांना एक चित्र हवं आहे: बगळा पिल्लाला भरवताना. बगळा येतो, घरट्याच्या काठावर उतरतो, पाठीवरचे धागे एकदा फुलवतो. जोडीदार मान लांब करून त्याला ओळख देतो. मग पिल्लू त्याची चोच आडवी पकडतं आणि खाली ओढतं. तुम्ही ते डोळ्यांनी पाहता. प्लेटवर ते येत नाही. दिवस संपतात, रजा संपते. एक चित्र राहून जातं.

मॅटिंग्ली तिथे पुन्हा येतात ते या राहिलेल्या चित्रासाठी. एवढंच कारण होतं हे लक्षात ठेवा. ते पहारा द्यायला आले नव्हते, कुणाला पकडायला आले नव्हते.

मधल्या दिवसांत थोडं भटकून या. याच जंगलाच्या दुसऱ्या टोकाला, नदीकाठी, कमरागंजा नावाची वस्ती आहे. ज्यांची ही भूमी, त्या लोकांना तिच्याच एका कोपऱ्यात सरकारी देखरेखीखाली ठेवलेलं आहे. शाळेत डोकावून पाहा. शिकवणारे गुरुजी थॉमस शॅड्रॅक जेम्स मॉरिशसमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे. यॉर्टा यॉर्टांचे हक्कांसाठी झगडणारे किती तरी नेते त्यांच्या हाताखाली अक्षरं शिकले. आणि ९ डिसेंबर १९०६ या दिवशी इथल्या एका घरात एक मूल जन्माला येतं. डग निकोल्स. सत्तर वर्षांनी ते साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल होतील, त्या पदावर बसलेले पहिले आदिवासी. पण त्या डिसेंबरात त्यांच्या आईबापांना स्वतःच्या नदीवर हक्क सांगता येत नाही. या काठांवरच्या जुन्या रेड गमच्या बुंध्यांवर लांबट वण दिसतात. होडीसाठी तेवढीच साल काढून घेत आणि झाड जगू देत. तसे वण बाईंनी तुम्हाला आज सकाळी दाखवले होते. टोपीवाल्यांच्या व्यापारात ही तेवढ्यापुरतं घेण्याची रीत नव्हती.

आता ख्रिसमसची सुटी. दक्षिण गोलार्धातला भर उन्हाळा. ऊन असं की पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघवत नाही. डास तसेच. मॅटिंग्ली सारंगागाराच्या दिशेने निघाले आहेत आणि तुम्ही त्यांच्या मागे.

लांबून पाण्यावर पांढरं काहीतरी दिसतं. इथे एक, तिथे दोन. पडलेल्या ओंडक्यावर आणखी. फुलं? या पाण्यात एवढी मोठी पांढरी फुलं तुम्ही मागच्या खेपेला पाहिली नव्हती. ते थबकतात. तुम्हीही.

जवळ गेल्यावर कळतं.

मोजा. मॅटिंग्लींनी मोजले. पाणवनस्पतींवर तरंगणारे, ओंडक्यांवर पडलेले, मोठे बगळे आणि मध्यम बगळे मिळून किमान पन्नास. त्या वसाहतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पाठीवरची धाग्यांची कातडी काढून घेतलेली आणि उरलेला पक्षी टाकून दिलेला. मांस नको होतं, पंख नको होते, काहीच नको होतं. एवढ्याशा झुबक्यासाठी बाकीचा सगळा बगळा टाकाऊ ठरला.

आणि वर बघू नका असं तुम्हाला कितीही वाटलं तरी वर बघावं लागतं, कारण आवाज वरून येतोय. पूर्वीपेक्षा बारीक. घरट्यांत पिल्लं आहेत. मॅटिंग्लींच्या अंदाजाने दोनशेच्या घरात. काही मरून पडलेली, काही काठावरून लोंबणारी, काही अजून मान उचलू शकणारी. जे बगळे वाचलेत ते आपापल्या पिल्लांसाठी चारा घेऊन डोक्यावरून जातात. प्रत्येक वेळी सावली आली की अनाथ घरट्यांतून माना उंच होतात, चोची उघडतात. सावली पुढच्या झाडावर जाते. माना खाली येतात. पुन्हा सावली, पुन्हा माना.

बगळा दुसऱ्याच्या पिल्लाला भरवत नाही. तसा त्याचा स्वभावच नाही, त्यात त्याचा दोष नाही.

तुमच्याजवळ काय आहे? काहीच नाही. एका पिल्लाला तुम्ही मासा दिलात तर बाकीच्यांचं काय? मॅटिंग्लींजवळ लाकडी पेटी आहे आणि मोजक्या काचा. संतापाने त्यांचं रक्त उसळलेलं आहे. पुढे तसं त्यांनी लिहिलंही. पण त्या संतापात ते करतात काय, ते नीट बघा. ते तिपाई रोवतात. भरवणाऱ्या बगळ्याच्या चित्रासाठी जपून आणलेल्या प्लेटा ते मेलेल्या बगळ्यांवर आणि उपाशी पिल्लांवर खर्च करतात. घरट्यातली पिल्लं, मान उचललेली. घरट्यातली पिल्लं, मान टाकलेली. तरंगणारे पक्षी. मोजतात, लिहून घेतात, परत जातात.

पक्षीनिरीक्षणाच्या इतिहासात मला याहून मोठा क्षण माहीत नाही. एक सुंदर छायाचित्र काढायला आलेला माणूस ते मिळणार नाही असं कळल्यावर जे समोर आहे ते टिपतो. पहिल्या खेपेनंतर ते परतलेच नसते, तर त्यांच्याजवळ एका भरलेल्या सारंगागाराची आनंदी आठवण राहिली असती आणि ती खोटीही नसती. त्या झाडांखाली काय झालं हे मारणाऱ्यांशिवाय कुणालाच कळलं नसतं.

१९०७ साली ‘द एमू’मध्ये त्यांचा लेख छायाचित्रांसह येतो. तो पाने उलटत उलटत साता समुद्रापार जातो. लंडनमध्ये पक्षिरक्षणाची एक संस्था आहे. १८८९ साली काही बायकांनी पिसांच्या टोप्या न घालण्याची शपथ घेऊन ती सुरू केली होती. या संस्थेच्या हाती मॅटिंग्लींची चित्रं लागतात.

चला, लंडनला. जुलै १९११, वेस्ट एंड. दुकानांत सेल लागलेत, पदपथावर टोप्यांची गर्दी. त्या गर्दीतून रोजंदारीवरची माणसं रांगेने चालली आहेत, प्रत्येकाच्या अंगावर पाटी. पाट्यांवर मोठी केलेली छायाचित्रं. ती घरटी तुम्ही ओळखता. त्या झाडाखाली तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतात. एक टोपी पाटीसमोर थांबते. झुबका हलतो. ती स्त्री पाटीकडे बघते, मग काचेत स्वतःच्या प्रतिबिंबाकडे. पुढे ती काय करते हे तुम्हाला दिसत नाही, गर्दी मधे येते.

ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा व्हायला १९२१ उजाडलं. दहा वर्षं, मधे एक महायुद्ध. तोवर केस आखूड झाले होते, टोप्या लहान झाल्या होत्या, आणि फॅशन बदलली नसती तर एकट्या कायद्याने बगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण त्या चित्रांमुळे एक गोष्ट कायमची संपली. पिसं गळून पडलेलीच असतात, पक्ष्याला इजा होत नाही, असं व्यापारी सांगत. ती थाप त्या पाट्यांनंतर कुणाला मारता येईना.

या गोष्टीत आपलाही वाटा आहे, तो सांगायला हवा. हिंदुस्थानातून पक्ष्यांची कातडी आणि पिसं निर्यात करायला सरकारने १९०२ सालीच बंदी केली होती, म्हणजे मॅटिंग्लींच्या त्या ख्रिसमसच्या आधी. तरी माल बाहेर जातच होता. तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या सिंधमध्ये कोळी लोक पिसांसाठी बगळे पाळत. आणि तुम्ही ज्याला ‘आपल्याकडचाच’ म्हणून दुर्बीण खाली ठेवलीत, तो मोठा बगळा मुंबईत आणि मथौऱ्यात एकच. टोपीवाल्यांनी त्याच्यात आपला-परका केला नव्हता.

आता एकेक गोष्ट परत ठेवा. धरण, मासे, फलक, आडोसा. रविवारची पहाट आहे.

भावजींना नदीकाठचं दुसरं ठिकाण बघायचं होतं. नकाशावर खूण करून ठेवली होती. ताईलाही एमू दिसतील म्हणून तिकडेच जायचं होतं. पण बाई म्हणतात, “काल जिथे गेलो तिथेच.” कुणी वाद घालत नाही. त्याच पायवाटेने, त्याच बाकावर, त्याच फटीसमोर तुम्ही चौघं बसता. आज बिटर्न बोलत नाही. वारकरी आहेत, कालच्यापेक्षा कमी. पोपट येत नाहीत. थर्मासमधला चहा संपतो.

पावणेसातला तो येतो. कालचाच की दुसरा, सांगता येत नाही. चोचीत एक लांब काटकी आहे. लव्हाळ्यांवरून तो सरळ जातो, रेड गमच्या दाट रांगेमागे दिसेनासा होतो. दहा मिनिटांनी रिकाम्या चोचीने परततो. पुन्हा काटकी उचलतो. तुम्ही दुर्बीण खाली घेत नाही.

म्हणजे त्या झाडांमागे घरटं आहे. काल हे तुम्हाला माहीत नव्हतं.

बाई पट्ट्याला बांधलेली वही उघडतात. तारीख, वेळ, दिशा, एक. काटकी दोन वेळा. पान तुमच्याकडे सरकवतात. वरच्या ओळींत त्यांच्या मागच्या फेऱ्यांच्या नोंदी आहेत. काही वर्षी आकडे मोठे, त्या पुराच्या सालांच्या. २०२२ च्या वसंतात नदी अनेक वर्षांनी मनासारखी पसरली आणि खोऱ्यात पाणपक्ष्यांची मोठी वीण झाली. तिथे त्यांचं अक्षर घाईचं आहे. काही वर्षांसमोर नुसतं शून्य. ते शून्यही त्यांनी वळणदार काढलंय.

परतीच्या वाटेवर धुंगाला पूल उजेडात दिसतो. ताई मागे वळून विचारते, “मग, काय आवडलं सगळ्यात?” तुम्ही बगळा म्हणता. तिला नवल वाटत नाही.

आता तुम्ही घरी आहात. पुण्यात, सांगलीत, चंद्रपुरात, गोव्यात, जिथे कुठे. पावसाळा आला की तुमच्या आसपासच्या एखाद्या चिंचेवर, वडावर, तळ्याकाठच्या बाभळीवर बगळे घरटी करतील. खाली विष्ठेचा सडा पडेल, वास येईल, कुणीतरी तक्रार करेल. फांद्या छाटायचा निर्णय होईल, आणि तो बहुतेक वेळा पिल्लं उडायला पंधरा दिवस उरलेले असतानाच होतो. ते झाड आत्ताच शोधून ठेवा. जूनमध्ये एकदा जा, घरटी मोजा, तारखेसह लिहा, लांबूनच फोटो काढा. आणि पंधरा दिवसांनी त्याच झाडाखाली परत जा.